स्केलेटन घड्याळ घरी बनवताना: दाते सोपे, अंतर अवघड

घड्याळ घरच्या वर्कशॉपमध्ये बनवता येतं असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एवढे दाते हाताने कापायचे तरी कसे? खरं तर दात्यांची भीती अनाठायी आहे. छोटा लेथ, एक डिव्हायडिंग हेड (चाक नेमक्या सारख्या भागांनी पुढे फिरवणारं हत्यार) आणि फोन बंद ठेवायची तयारी असेल, तर ९६ दात्यांचं पितळी चाक एका दुपारी कापून होतं. घड्याळ अडतं ते दुसरीकडेच. दोन भोकांमधलं अंतर मिलीमीटरच्या दहाव्या हिश्शाने चुकलेलं असतं, किंवा एखाद्या दांडीच्या टोकाला हवी तेवढी चकाकी आलेली नसते. एवढ्याशा गोष्टीने सगळं यंत्र का थांबतं, हे एकदा कळलं की घड्याळातल्या बाकीच्या गोष्टींचा उलगडा व्हायला वेळ लागत नाही.

स्केलेटन घड्याळ म्हणजे अंगावर कपडा नसलेलं घड्याळ. नेहमीच्या घड्याळात चाकं दोन अखंड पितळी पत्र्यांमध्ये बसवतात आणि वरून लाकडी पेटी घालतात. इथे पत्रे कोरून कोरून फक्त गरजेपुरती नक्षी शिल्लक ठेवायची, तबकडीच्या जागी अंकांची नुसती कडी लावायची, आणि सगळ्यावर काचेचा घुमट. हा प्रकार फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला आणि व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये फोफावला. लंडनच्या १८५१ च्या जागतिक प्रदर्शनानंतर तर तिथल्या सुखवस्तू दिवाणखान्यांत त्याची लाटच आली. यॉर्क मिन्स्टर, लिचफिल्ड कॅथेड्रल अशा चर्चच्या आकाराच्या चौकटी बनत. त्यातल्या काही मला फारच गजबजलेल्या वाटतात. मनोरे आणि कमानी इतक्या, की चाकं शोधावी लागतात. पण आतलं यंत्र मात्र खणखणीत. पुढे ज्या घड्याळाचा हिशेब मांडतो आहे, ते याच इंग्रजी घराण्यातलं आहे: टेबलावर ठेवायचं, आठवड्यातून एकदा चावी द्यायची, आणि लंबक अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे एका बाजूला जायला अर्धा सेकंद घेणारा.

आधी कागद, मग पितळ

सुरुवात लंबकापासून करायची, कारण वेळ फक्त तोच मोजतो. बाकीचं सगळं यंत्र दोनच कामांसाठी असतं: लंबकाला थांबू न देणं आणि त्याचे हेलकावे मोजून काट्यांना सांगणं. लंबकाला जाऊन परत यायला लागणारा वेळ त्याच्या लांबीवर आणि गुरुत्वाकर्षणावर ठरतो. गोळ्याच्या वजनाचा त्याच्याशी संबंध नाही. जाऊन-येऊन एक सेकंद हवा असेल तर लांबी सुमारे २४८ मिलीमीटर लागते. जाऊन-येऊन दोन सेकंद लागणारा लंबक जवळजवळ एक मीटरचा होतो, म्हणून ती घड्याळं उंच पेटीत उभी असतात. आपलं घड्याळ टेबलावरचं, तेव्हा २४८.

लंबकाच्या एका पूर्ण हेलकाव्याला एस्केप चाकाचा, म्हणजे लंबकाजवळच्या शेवटच्या चाकाचा, एक दाता सुटतो. या चाकाला ३० दाते ठेवले, तर त्याची एक फेरी ३० सेकंदांत होते. मिनिटकाट्याचं मधलं चाक तासाला एकदा फिरायला हवं. म्हणजे मधलं चाक एकदा फिरेल तेवढ्यात एस्केप चाक १२० वेळा फिरलं पाहिजे. चाकासमोरच्या छोट्या दातेरी चाकाला पिनियन म्हणतात, आणि त्याच्या दात्यांना पानं. हे एका टप्प्यात करायचं तर ८ पानांच्या पिनियनसमोर ९६० दात्यांचं चाक लागेल, म्हणजे परातीएवढं. म्हणून दोन टप्पे करायचे. ९६ दात्यांचं मधलं चाक ८ पानांच्या पिनियनला फिरवतं, तिथे १२ पट झाली. त्याच दांडीवरचं ८० दात्यांचं तिसरं चाक एस्केप चाकाच्या ८ पानांच्या पिनियनला फिरवतं, तिथे १० पट. बारा दाहे एकशे वीस.

खालच्या बाजूलाही तोच हिशेब. स्प्रिंगकडून जोर घेणारं मोठं चाक ९६ दात्यांचं आणि मधल्या चाकाचं पिनियन ८ पानांचं ठेवलं, तर मोठं चाक १२ तासांत एकदा फिरतं. त्याच्या १६ फेऱ्यांत आठ दिवस पुरे होतात. इंग्रजी कारागिरांनी हा सोळाचा आकडा उगीच नव्हता धरला.

मिनिटकाट्यावरून तासकाटा चालवायचा तर गती १२ पट कमी करावी लागते: १० दात्यांवरून ३०, मग ८ वरून ३२. तीन चोक बारा. यातली गंमत बघा: १० आणि ३० मिळून ४०, ८ आणि ३२ मिळूनही ४०. दोन्ही जोड्यांचं मधलं अंतर एकच येतं, म्हणूनच तासकाटा मिनिटकाट्याच्या दांडीवरच नळीसारखा बसू शकतो.

आता या हिशेबातली अडचणीची बाजू. मोठं चाक एकदा फिरतं तेवढ्यात एस्केप चाक १,४४० वेळा फिरतं. गती जेवढ्या पटीत वाढते, तेवढ्या पटीत जोर कमी होतो. स्प्रिंगने खाली लावलेल्या पिळाचा फक्त १,४४० वा भाग वर पोचतो, आणि तोही वाटेत घर्षणाने काहीच खाल्लं नाही तर. ऊर्जा किती कमी असते याचा अंदाज आठ दिवसांच्या उभ्या घड्याळावरून येईल. ६ किलोचं वजन आठ दिवसांत दीड मीटर खाली उतरलं, तर साधारण ८८ ज्यूल ऊर्जा मिळते. ९ वॉटचा एलईडी दिवा तेवढी ऊर्जा दहा सेकंदांत संपवतो. एवढ्यावर लंबक आठ दिवस हलवायचा आहे. जाड बोटांनी राहू दिलेला एखादा बर (कापल्यावर कडेला उरलेली धातूची बारीक धार) किंवा किंचित वाकडी दांडी यातला मोठा हिस्सा गिळून टाकते, आणि घड्याळ टकटक करत पाच मिनिटांनी गप्प होतं.

दाते

डिव्हायडिंग हेडचं हँडल ४० वेळा फिरवलं की चाक एकदा फिरतं. ९६ दाते हवेत तर दर दात्याला ४० भागिले ९६, म्हणजे २४ भोकांच्या वर्तुळावर १० भोकं पुढे. ८० दात्यांना अर्धी फेरी, म्हणजे १२ भोकं. ३० दात्यांना एक पूर्ण फेरी आणि ८ भोकं. ८ पानांच्या पिनियनला सरळ ५ फेऱ्या. सगळं घड्याळ भोकांच्या एकाच वर्तुळावर निघतं. हँडल नेहमी एकाच दिशेने फिरवायचं. मागे आणलं तर गिअरमधला प्ले, म्हणजे सैलपणा, चाकात उतरतो. एक भोक चुकलं तर शेवटचा दाता बाकीच्यांसारखा येत नाही आणि चाक भंगारात.

कटर विकत मिळतात, पण महाग. घरी बनवायचा तर टूल स्टीलच्या तुकड्याला दोन दात्यांमधल्या खाचेचा आकार घासून द्यायचा, लालभडक तापवून विझवायचा, मग पुन्हा हलकं तापवून गवती पिवळा रंग आला की थांबायचं. असा एकपाती कटर वेगाने फिरवला की पितळ लोण्यासारखं नाही, पण समजूतदारपणे कापलं जातं. पितळ मात्र शिसं मिसळलेलं, फ्री-कटिंग आणि कडक हवं. भांड्याचं मऊ पितळ कटरला चिकटतं आणि दात्याच्या कडेला बर सोडतं.

दात्याचा आकार हा खरा विषय. मोटारीच्या गिअरबॉक्समधला इन्व्होल्यूट आकार इथे चालत नाही, चालतो तो सायक्लॉइडल. कारण असं: घड्याळात मोठं चाक छोट्या पिनियनला ढकलतं. दोन आसांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरा. दाता या रेषेच्या आधी पानाला टेकला, तर दोघं एकमेकांत रुतत पुढे सरकतात आणि घर्षण फार होतं. रेषेनंतर टेकला तर दोघं एकमेकांपासून सुटत जातात, आणि चाक हलकं फिरतं. सायक्लॉइडल दाता उंच आणि टोकाला गोलसर असतो, पिनियनची पानं बारीक असतात; त्यामुळे बहुतेक काम रेषेनंतर होतं. ८ पानांत थोडं काम तरीही रेषेआधी उरतं. १२ पानांची पिनियन घेतली तर ते जवळजवळ नाहीसं होतं, पण मग चाकांना १४४ आणि १२० दाते कापावे लागतात. पहिल्या घड्याळाला ८ पुरेत असं माझं मत. दुसऱ्या घड्याळाला तुम्ही स्वतःहून १२ वर जाल.

पिनियन पोलादाचं, चाक पितळेचं. झीज मऊ पितळेची व्हावी असं वाटतं ना? जुनी घड्याळं उघडली की उलटंच दिसतं: चाक धड, आणि पिनियनच्या पानांना खाचा. धुळीचे कण मऊ पितळेत रुतून बसतात आणि सहाणेवर चंदन झिजावं तसं पोलाद झिजवतात. म्हणून दात्यांना तेल लावायचं नसतं. तेल धूळ धरतं. दाते कोरडे ठेवायचे. तेल फक्त दांड्यांच्या टोकांना आणि एस्केप चाकाचे दाते अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दोन पोलादी टोकांना, म्हणजे एस्केपमेंटच्या पॅलेटना, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढं.

अंतर

०.६ मॉड्यूलचे दाते (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) धरले तर ९६ च्या चाकाचा पिच व्यास, म्हणजे मॉड्यूल गुणिले दाते, ५७.६ मिलीमीटर आणि ८ च्या पिनियनचा ४.८. दोन्हींची बेरीज अर्धी केली की आसांमधलं अंतर ३१.२ मिलीमीटर येतं. व्हर्निअरने मोजून तिथे भोक पाडायचं आणि मोकळं व्हायचं, असं नवखा माणूस करतो. पण आपला कटर घरचा आहे, पिनियन घासताना थोडं बारीक झालं आहे; कागदावरचं चाक आणि हातातलं चाक वेगळी असतात. अंतर कमी झालं तर दाते तळाशी रुतून अडकतात. जास्त झालं तर दाता पानावरून घसरत खाली पडतो, आणि बोट लावलं की खरखर जाणवते.

यासाठी घड्याळजींकडे डेप्थिंग टूल असतं, आणि घरी बनवायच्या हत्यारांत मी त्याला पहिलं स्थान देईन. दोन समांतर जबडे, त्यांच्यातलं अंतर स्क्रूने कमी-जास्त होणारं. एका जबड्यात चाक, दुसऱ्यात पिनियन बसवायचं आणि बोटाने फिरवत अंतर बदलत जायचं. एका जागी आवाज आणि खरखर दोन्ही संपतात, तिथे थांबायचं. हत्याराची बाहेर आलेली टोकं म्हणजे दोन्ही आसांच्या नेमक्या जागा, त्या तशाच पत्र्यावर रेखायच्या. कागदी हिशेब बाजूला राहतो, आणि या जोडीला जे अंतर मानवतं तेच पत्र्यावर उतरतं.

पुढचा-मागचा पत्रा एकत्र पिनांनी जखडून भोकं दोघांतून एकदमच पाडायची, नाहीतर दांड्या तिरक्या उभ्या राहतात. आणि ही सगळी भोकं नक्षी कोरण्याआधी पाडायची. चौकोनी पत्र्याला मोजमापासाठी सरळ कडा असते. कोरून झालेल्या वेलबुट्टीला नसते. उतावळी मंडळी चौकट आधी कोरतात, कारण ती दिसायला सुंदर. मग तीच चौकट फोटोत राहते आणि घड्याळ होत नाही.

दांडीचं टोक, म्हणजे पिव्हट, वरच्या चाकांना एक मिलीमीटरच्या आसपास जाड ठेवतात. घर्षणाचा अडथळा टोकाच्या त्रिज्येबरोबर वाढतो, म्हणून ते बारीक. पण बारीक असून भागत नाही, गुळगुळीतही हवं. लेथवर घासून झाल्यावर कडक पोलादी बर्निशर दाबून फिरवतात. त्याने पृष्ठभाग कापला न जाता दबून घट्ट आणि आरशासारखा होतो. दांडीला लांबीच्या दिशेने दोन-तीन दशांश मिलीमीटर सैलपणा ठेवायचा. तो नसला तर घड्याळ थांबतं आणि कारण सापडता सापडत नाही.

चाकांतले आरे कापणं निव्वळ शोभेचं नाही. लंबकाच्या प्रत्येक ठोक्याला सगळी चाकं थांबतात आणि पुन्हा सुटतात, सेकंदाला दोनदा. चाक जड असेल तर त्याला हलवण्यातच जोर जातो. म्हणून सोनारांच्या बारीक करवतीने आतलं पितळ काढायचं आणि कानशीने आरे सारखे करायचे. एस्केप चाक सगळ्यांत हलकं हवं. आऱ्यांचे आतले कोपरे तीक्ष्ण राहिले की काम घाईचं दिसतं, आणि स्केलेटन घड्याळात ते झाकायला काहीच नसतं.

टिक आणि टॉक

एस्केपमेंट हा घड्याळाचा मेंदू वगैरे म्हणतात. मला ते दार वाटतं, एकावेळी एकच दाता सोडणारं. सतराव्या शतकात अँकर नावाची रचना आली. त्यात पॅलेटच्या उतारामुळे एस्केप चाक दर ठोक्याला थोडं मागे ढकललं जातं. जॉर्ज ग्रॅहम या लंडनच्या घड्याळजीने १७१५ च्या सुमारास वापरात आणलेल्या डेडबीट रचनेत ते मागे जाणं बंद झालं. युक्ती अशी: दाता जिथे येऊन थांबतो तो पॅलेटचा पृष्ठभाग पॅलेटच्याच आसाभोवती काढलेल्या वर्तुळाचा तुकडा असतो. लंबक पुढे जात राहतो, पॅलेट दात्याखालून सरकतं, पण चाक मागे-पुढे न होता जागेवर उभं राहतं. परतताना दाता पॅलेटच्या तिरक्या टोकावरून घसरतो आणि जाता जाता लंबकाला हलकासा धक्का देतो. घड्याळ चालतं ते या धक्क्यावर.

याची आखणी दिसते तेवढी अवघड नाही. ३० दाते, म्हणजे दर दाता १२ अंश. दोन पॅलेटमध्ये साडेसात दाते घ्यायचे तर कोन ९० अंश होतो. टेकण्याच्या दोन्ही बिंदूंवर चाकाच्या वर्तुळाला स्पर्शरेषा काढा. त्या जिथे भेटतील तिथे पॅलेटचा आस. ९० अंशांमुळे हे अंतर चाकाच्या त्रिज्येच्या वर्गमूळ दोन पट येतं. त्रिज्या २० मिलीमीटर असेल तर आस २८.३ वर. शाळेतल्या भूमितीत एवढं सगळं होतं. पॅलेट पोलादाची, कडक केलेली आणि धक्क्याच्या दिशेनेच घासून चकचकीत केलेली हवीत. हा आस पत्र्यावर कायमचा न बसवता आधी किंचित सरकवता येईल असा ठेवावा. दाता सुटल्यावर समोरच्या पॅलेटवर पडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं करायला ती मोकळीक लागते.

स्प्रिंगचा लहरीपणा

स्प्रिंग पूर्ण आवळलेली असताना जोरात ओढते, सैल होत आली की मरगळते. याचा लंबकावर परिणाम होतो. लंबक मध्यापासून ३ अंश जाऊन येत असेल तर अगदी लहान हेलकाव्याच्या मानाने तो दिवसाला सुमारे १५ सेकंद मागे पडतो. २ अंश असेल तर सात. म्हणजे स्प्रिंग मरगळून हेलकावा तीनवरून दोन अंशांवर आला की एवढ्या एका कारणाने घड्याळ दिवसाला आठेक सेकंद पुढे धावायला लागतं.

इंग्रजांचा तोडगा म्हणजे फ्युझी: वर निमुळता होत गेलेला, सर्पिल खाच असलेला पितळी शंकू. स्प्रिंगच्या डब्यावरून साखळी येऊन या शंकूवर गुंडाळली जाते. स्प्रिंग ताठ असते तेव्हा साखळी शंकूच्या अरुंद टोकाला ओढते, सैल झाली की रुंद टोकाला. ओढ कमी, पण तरफ मोठी. पिळाचा जोर शेवटपर्यंत सारखाच राहतो. शंकूला १६ वेढे, म्हणून वरचे ते सोळा. या साखळ्या एके काळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्च गावात बायका आणि लहान मुलं बनवत, इतक्या बारीक कड्यांच्या की डोळे जात. आज बारीक पोलादी तारेचा दोर लावला तरी कोणी नाव ठेवणार नाही.

फ्युझीला चावी देताना शंकू उलटा फिरतो आणि तेवढा वेळ चाकांवरचा जोर निघून जातो. जॉन हॅरिसनने त्यावर शोधलेली आतली छोटी राखीव स्प्रिंग जमल्यास बसवावी. न बसवल्यास चावी देताना घड्याळ काही सेकंद मागे पडेल, एवढंच. मात्र मुख्य स्प्रिंगच्या बाबतीत हयगय नको. आवळलेली स्प्रिंग डब्यातून सुटली तर बोट कापते. ती हाताने कधीच भरायची नाही. वाइंडर (स्प्रिंग गुंडाळून डब्यात भरायचं हत्यार) वापरायचा, आणि घड्याळ उघडण्याआधी स्प्रिंग हळूहळू सैल करायची.

चालू झाल्यावर

लंबकाची काठी पितळेची असेल तर एक अंश तापमान वाढलं की घड्याळ दिवसाला ०.८ सेकंद मागे पडतं; पोलादाची असेल तर अर्धा सेकंद. डिसेंबर आणि मे यांत खोलीत १५ अंशांचा फरक धरला तर पितळेच्या काठीने दिवसाला १२ सेकंद जातात. शार्ल एद्वार गियोम याला ज्यासाठी १९२० चं नोबेल मिळालं ते इन्व्हार नावाचं निकेल-पोलाद जवळजवळ प्रसरण पावत नाही. ते मिळालं तर उत्तम. नाहीतर सरळ दाण्याचं, नीट मुरलेलं, वरून लाख लावलेलं लाकूड पोलादापेक्षा बरं.

पहिल्यांदा चालू करताना आवाज ऐका. टिक आणि टॉक यांच्यामधला वेळ सारखा नसेल, लंगडत चालल्यासारखं वाटत असेल, तर लंबकाला ढकलणारा काटा एका बाजूला किंचित वळवायचा. मग वेळ लावणं. २४८ मिलीमीटरच्या लंबकाची लांबी एक मिलीमीटरने बदलली की दिवसाला सुमारे १७५ सेकंदांचा फरक पडतो. गोळ्याखालच्या नटाला एम-३ आटे असतील तर एक फेरी म्हणजे अर्धा मिलीमीटर, म्हणजे ८७ सेकंद. नटावर दहा खुणा कोरल्या तर एक खूण साधारण ९ सेकंदांची. मागे पडत असेल तर गोळा वर, पुढे जात असेल तर खाली. प्रत्येक बदलानंतर निदान एक दिवस हात लावायचा नाही.

काचेचा घुमट मिळाला नाही तर फोटोफ्रेमवाल्याकडून काचेची पेटी करून घ्यावी; अॅक्रिलिकवर स्थिर वीज साचून धूळ चिकटते. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर खारट दमट हवेने उघडं पितळ बघता बघता काळं पडतं. चौकटीला पातळ लॅकरचा हात द्यायचा. दात्यांना आणि भोकांना नाही.

घड्याळ दुसऱ्या गावी न्यायचं झालं तर लंबक काढून वेगळा न्यावा, आणि तिथे गेल्यावर वेळ पुन्हा लावावी. जाँ रिशेर या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचं पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं घड्याळ १६७२ मध्ये विषुववृत्ताजवळच्या कायेनला रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं होतं, कारण तिथे गुरुत्वाकर्षण कमी. लंडनमध्ये लावलेलं घड्याळ मुंबईत रोज सुमारे दोन मिनिटं मागे पडेल. मुंबईहून घाट चढून पुण्याला नेलं तर फरक काही सेकंदांचाच. नट एखादी खूण वर घेतला की झालं.